मदत हवी आहे: झीनच्या घडीवर काळा रंग फुटतोय, पृष्ठांक कापले जातायत

कागदकिडा
ए५ आकाराचं झीन (स्वतः छापून वाटायचं छोटं मासिक) करतोय. आत २८ पृष्ठं, ८० जीएसएमवर (कागदाचं वजन, चौरस मीटरला ग्रॅम). मुखपृष्ठ वेगळं, २०० जीएसएम. ६० प्रती हव्यात. लेझर प्रिंटरवर एक मूळ प्रत, बाकी झेरॉक्स, मधोमध दोन पिना. अडचणी:
१) मागची बाजू उलटी येते.
२) मुखपृष्ठ पूर्ण काळं आहे, घडीवर पांढऱ्या भेगा दिसतात.
३) कड कापल्यावर मधल्या पानांचे पृष्ठांक उडतात, बाहेरच्या पानांचे मात्र शाबूत.
४) झेरॉक्सवर फोटो काळेठिक्कर.
सरळ रिसोवर (स्टेन्सिलने शाई छापणारं यंत्र) करून घ्यावं का?

दुमडपट्टी
पहिलं सोपं आहे. ए४ आडवा छापून मधे दुमडायचा असेल तर दुहेरी छपाईत ‘शॉर्ट एज’ (आखूड कडेवर पालटणे) निवडा. जुळणी, म्हणजे दुमडल्यावर पृष्ठं क्रमाने येतील अशी मांडणी, तपासायची खूण: एका बाजूवरच्या दोन पृष्ठांकांची बेरीज कायम २९ यायला हवी. सगळ्यात बाहेरच्या कागदावर २८ आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि २७, अगदी मधे १४-१५. आणि ‘फिट टू पेज’ बंद ठेवा, नाहीतर समास गुपचूप बदलतात.

पृष्ठांक उडतात कारण एकात एक घातलेले ७ कागद आणि मुखपृष्ठ यांची जाडी आतल्या पानाला बाहेर ढकलते. तुमच्या जाडीला हे सरकणं जेमतेम १ मिमी भरेल. त्यात कापायचे २-३ मिमी धरा. म्हणजे कडेपासून १० मिमीच्या आत मजकूर किंवा आकडा नकोच. पृष्ठांक तळाशी मधोमध घेतलात तर प्रश्नच मिटला. कापताना स्टीलची पट्टी, नवं पातं आणि हलक्या हाताचे पाच-सहा फेर. एका दमात जोर लावला की वरचं पान सरळ आणि खालचं तिरकं कापलं जातं.

भेगांचं मूळ बहुतेकदा ग्रेनमध्ये, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेत असतं. ए४ कागदाचा ग्रेन साधारणपणे लांब बाजूला समांतर असतो आणि तुमची घडी त्याला आडवी पडते, म्हणून तंतू मोडतात आणि वरचा टोनर तडकतो. लांब ग्रेनचा ए३ कार्डशीट घेऊन मधोमध कापा, म्हणजे मिळणाऱ्या ए४ मध्ये ग्रेन घडीला समांतर येतो. ओळखायला कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा. कमी विरोध करतो ती घडीची दिशा. छापताना प्रिंटरला ‘जाड कागद’ सांगा, टोनर नीट भाजला जातो. घडी घालण्याआधी रिकाम्या बॉलपेनने पट्टीच्या आधाराने रेघ दाबून घ्या. एवढं करूनही गडद काळा रंग थोडा फुटणारच. त्यापेक्षा काळ्या कार्डशीटवर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली जास्त देखणी दिसते, असं माझं मत.

मास्टरकॉपी
फोटोंबद्दल: झेरॉक्स मशीनला करडा रंग झेपत नाही, मधल्या छटा ती काळ्यात ढकलते. आधी फोटो उजळा, सर्वात गडद भाग ८५-९० टक्क्यांवर थांबवा आणि हाफटोन ठिपके करा (छटांऐवजी लहानमोठे काळे ठिपके), इंचाला ठिपक्यांच्या ६० ते ८५ ओळी. ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० बिंदू छापणाऱ्या) प्रिंटरवर ८५ ओळींना साधारण ५० छटा मिळतात, ६० ला १००. ठिपके जाड दिसतील, पण झेरॉक्समध्ये टिकतील. मासिकातून कापलेल्या चित्रावर पुन्हा ठिपके करू नका, जाळी उमटते. प्रत्येक प्रत मूळ प्रतीवरूनच काढा, प्रतीची प्रत नको.

देवनागरीसाठी अजून एक: ११ पॉइंटच्या खाली जाऊ नका. काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर ठळक टाइप घ्या, नाहीतर अनुस्वार आणि रफार भरून जातात. पीडीएफमध्ये फॉन्ट जोडलेला आहे का बघा, नाहीतर दुसऱ्या मशीनवर जोडाक्षरं सुटतात.

ड्रमवाला
रिसोचा हिशेब मास्टरवर चालतो, म्हणजे प्रत्येक बाजूच्या प्रत्येक रंगासाठी लागणाऱ्या स्टेन्सिलवर. तुमच्या आतल्या पानांना ए४ वर १४ बाजू, म्हणजे एका रंगाला १४ मास्टर, दोन रंगांना २८. साध्या काळ्यासाठी ६० प्रतींना झेरॉक्सच बरं. दुसरा रंग हवाच असेल तर तो फक्त मुखपृष्ठाला द्या. रंग १-२ मिमी इकडेतिकडे सरकतात, म्हणून बारीक जुळणीवर चित्र बेतू नका. ही शाई कागदात मुरते, पक्की सुकत नाही. कोटेड (गुळगुळीत लेपाच्या) कागदावर तर बोटाला लागते.

कागदकिडा
मंडळी, आभार. लांब हाताचा स्टेपलर मिळत नाहीये. काही जुगाड?

दुमडपट्टी
साधा स्टेपलर उघडून खाली जाड नालीदार पुठ्ठा ठेवा. बाहेरून, वरच्या आणि खालच्या कडेपासून ५ सेंमीवर पिना मारा, पुठ्ठा अलगद सोडवा, आतले पाय चमच्याच्या पाठीने दुमडा. २४/६ ची पिन या जाडीला पुरते. नाहीतर तीन भोकं पाडून शिवा. दोरा झीनच्या घडीच्या लांबीच्या अडीचपट, म्हणजे ५२-५३ सेंमी. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढून सुरुवात करा, म्हणजे गाठ आत राहते.

मास्टरकॉपी
टपालाने वाटणार असाल तर एक प्रत लिफाफ्याशिवाय ४५-५० ग्रॅम भरेल. मागे पुठ्ठा घालायचा तर तोही वजनात धरा. शेवटच्या पृष्ठावर अंक क्रमांक, महिना, संपर्क आणि झेरॉक्स काढून वाटायला परवानगी आहे की नाही हे लिहा. पीडीएफ देणार असाल तर दोन फाइली द्या: वाचायला सलग पृष्ठांची आणि छापायला जुळणी केलेली.