मदत हवी आहे: सकाळी लॉगिन लटकतंय
मंडळी, नाशिकला कांदा व्यापाऱ्यांसाठी लिलावाचं ॲप सांभाळतो, वाइल्डफ्लाय सर्व्हर (जावा ॲप चालवणारा), युजर एलडॅपमध्ये (युजरची माहिती ठेवणारी वेगळी डिरेक्टरी). सकाळी लिलाव सुरू झाला की सगळे एकदमच घुसतात आणि लॉगिन लटकतं, थ्रेड डंप (सर्व्हरचा प्रत्येक थ्रेड त्या क्षणी काय करतोय त्याची यादी) काढला तर बहुतेक थ्रेड एलडॅपची वाट बघत बसलेले, सीपीयू मात्र निवांत! कॅशिंग रिअल्म (एलडॅपमधून आणलेली युजरची माहिती सर्व्हरवरच लक्षात ठेवणारं) लावलं होतं पण मॅक्झिमम एंट्रीज (किती युजर लक्षात ठेवायचे) डिफॉल्ट 16 च राहिलेल्या (हसू नका), 5000 केल्यावर बराच फरक पडला. पण मॅक्झिमम एज (एंट्री किती वेळ ठेवायची) डिफॉल्ट -1, म्हणजे एंट्री एक्स्पायरच होत नाही, मग एखाद्याला ब्लॉक केलं तरी तो कॅशमधून आत येतोच. 5 मिनिटं ठेवलं तर सगळ्यांच्या एंट्री एकदमच संपतात आणि परत एलडॅपवर झुंबड. तुम्ही एज किती ठेवता, की ब्लॉक केल्यावर क्लिअर-कॅश (कॅश रिकामी करायची कमांड) मारता?