शापित, झपाटलेला, बाधिक की तळतळाट लागलेला? 'कर्स्ड कॅसल'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं

आम्ही पाच जण रविवारी दुपारी जेवणं उरकली की एकाच्या घरी जमतो आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, एक जण डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि जे करायचं म्हणलं ते जमलं का नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. खेळ १९७४ सालचा, अमेरिकेतला, त्यामुळं सगळी पुस्तकं इंग्रजीत. आता डीएम व्हायची पाळी माझी आहे आणि मी ठरवलंय की मोहीम, म्हणजे खेळायची अख्खी गोष्ट, पूर्ण मराठीत लिहायची. विषय तोच जुना, शाप लागलेला किल्ला. पहिल्याच ओळीला अडकलो, कारण 'शापित किल्ला' लिहिलं आणि दोन्ही शब्द खटकायला लागले.

आधी किल्ला. आपल्या सोलापुरात किल्ला म्हणलं की सिद्धेश्वर तलावाकाठचा भुईकोट, दुहेरी तट, भोवती खंदक. तिथं फौज राहायची. कॅसल म्हणजे तसं नाही, ती एका सरदाराची राहायची जागा, घर आणि तटबंदी एकत्र. गड म्हणलं तर डोंगर डोळ्यांपुढं येतो, आणि दुर्ग शब्द बोलण्यात कुणी वापरत नाही, त्याचा मूळ अर्थ मात्र फार आवडतो, जिथं जायला अवघड ते दुर्ग. कोट चांगला आहे, कन्नडमधी कोटे, तेलुगूत कोटा, म्हणजे आमच्या टेबलावरच्या पाचही जणांना आपापल्या घरच्या भाषेतून कळतो.

पण माझ्या मते कॅसलला सगळ्यात जवळचा शब्द आहे गढी. पाटलाची, देशमुखाची गढी, गावाच्या उंचवट्यावर, पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, चार कोपऱ्यांना बुरूज, आत वाडा, आड, धान्याची पेवं, आणि बाहेर पन्नास घरं जी तिच्याच जिवावर जगायची आणि तिलाच भ्यायची. तिथं कोण राहायचं आणि त्यानं गावाशी काय केलं हे लगेच विचारावंसं वाटतं, आणि मोहिमेला तोच प्रश्न लागतो.

आता खरी चर्चा शाप या शब्दाची. इंग्रजीत कर्स म्हणलं की सगळं त्यात येतं. आपल्याकडं निदान पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीची सोडवणूक वेगळी आहे, म्हणून मला वाटतं शब्द निवडला की अर्धी मोहीम तिथंच डिझाइन होते.

शाप हा कुणीतरी तोंडानं उच्चारलेला असतो, देणाऱ्याकडं तपाची नाहीतर अधिकाराची ताकद असते, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याला बहुतेक वेळा उःशाप असतो. महाभारतात नहुषाला अगस्त्यांचा शाप, तो अजगर होऊन पडलेला, आणि युधिष्ठिर त्याच्या प्रश्नांची उत्तरं देतो तेव्हा सुटतो. बघा, अट आधीपासून ठरलेली आहे. किल्ला शापित असेल तर खेळाडूंनी शापाचे नेमके शब्द शोधायचे, कुठं शिलालेखात, कुठं एखाद्या म्हातारीच्या ओवीत, आणि ती अट पुरी करायची.

करणी वेगळी. करणी कुणीतरी चोरून केलेली असते, तिला वस्तू लागते, लिंबू, बिब्बा, केस, बाहुली, काहीतरी पुरलेलं. म्हणजे ही शोधाशोधीची मोहीम, कोणत्या उंबऱ्याखाली काय पुरलंय आणि ते कुणी पुरलं. इथं उतारा हा शब्द मला फार कामाचा वाटला. तिकाटण्यावर ठेवलेला उतारा ओलांडू नको हे सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलंय, आणि सातबाराचाही उताराच असतो. माझ्या मोहिमेत गावातला म्हातारा सांगतो 'उतारा काढा', खेळाडू मांत्रिक शोधत फिरतात आणि हवा असतो जमिनीचा कागद.

झपाटलेला आणि पछाडलेला हे शब्द आपण आता वाड्याला, घराला सर्रास लावतो, पण जुन्या बोलण्यात झपाटलं जातं ते माणूस. जागा असेल तर बाधिक. 'ती जागा बाधिक हाय, तिकडं तिन्हीसांजेला जाऊ नको.' त्याहून साधं म्हणजे नुसतं 'जागा चांगली नाय', आणि सगळ्यात अंगावर येणारं 'तिथं वावर हाय'. कुणाचा ते सांगायचंच नाही. बाधिक जागा सुधारत नाही, तिच्या वेळा आणि हद्दी सांभाळायच्या असतात, म्हणून तिथं घड्याळ लावून खेळ करायचा, दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचं. चकवासुद्धा इथंच बसतो, त्याच देवडीतून तिसऱ्यांदा आत आलात म्हणून सांगितलं की खेळाडूंचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आणि शेवटचा तळतळाट. हा शब्द मला आज्जीनं दिला. मी तिला सगळी गोष्ट सांगितली, गढीच्या मालकानं दुष्काळात पेवं भरलेली असून धान्य दिलं नाही, मग गढीला शाप लागला वगैरे. ती म्हणली, 'शाप कुणी दिला?' मी म्हणलं गावानं. 'गावाकडं कुठली आलीय शाप द्यायची ताकद, तळतळाट लागला म्हण.' एकदम बरोबर. शाप बलवानाचा असतो आणि तळतळाट दुबळ्याचा. तो बोलावा लागत नाही, त्याला मंत्र नाही, अट नाही, त्यामुळं उःशापही नाही. ज्याचं घेतलं त्याचं परत करणं एवढाच मार्ग.

खेळाच्या दृष्टीनं याचा मोठा फायदा आहे. पाचव्या आवृत्तीत 'रिमूव्ह कर्स' नावाचा तिसऱ्या पातळीचा मंत्र आहे, आमच्या पुजारी पात्राकडं तो आहेच, आणि शाप असेल तर गडी एका मिनिटात मोहीम संपवून चहा मागणार. तळतळाट कुणी घातलेलाच नसतो तर काढणार काय.

वरचं सगळं टाकल्यावर वाचणाऱ्यांकडून सूचना आल्या, त्यांवर एकत्र लिहितो.

'अभिशप्त' सुचवलाय एकानं. अर्थ बरोबर आहे पण मला तो हिंदी मालिकेच्या नावासारखा ऐकू येतो, मराठीत घरात कुणी म्हणताना ऐकला नाही. 'बाधित' तर नकोच, कोरोनानंतर बाधित म्हणलं की आकडा आठवतो. बाधिक आणि बाधित यात एका अक्षराचाच फरक आहे पण वजन फार वेगळं आहे.

डन्जनला 'अंधारकोठडी' का नाही असं विचारलंय. इंग्रजी शब्दाची गंमत अशी की तो फ्रेंच दाँजाँवरून आला, म्हणजे मधला उंच मुख्य बुरूज, आणि पुढं अर्थ घसरत खालच्या कैदखान्यावर आला. अंधारकोठडी म्हणजे एकच खोली, खेळातलं डन्जन म्हणजे खोल्यांचं जाळं. मी भुयार ठेवतोय आणि खोल्यांना खरी नावं देतोय, देवडी, सदर, अंबरखाना, दारूकोठार, बळद (भिंतीतलं धान्याचं कोठार). मोठ्या दरवाजातल्या छोट्या दाराला दिंडी आणि पळून जायच्या गुप्त वाटेला चोरदिंडी. फांजी (तटावरची चालायची वाट), चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे), जंग्या (मारा करायची भोकं) हे तर नुसते मोठ्यानं वाचले तरी तटावर उभं राहिल्यासारखं वाटतं.

सापळे कुठले असं एकानं विचारलंय, त्याला माझं उत्तर पेव. आमचं मूळ गाव मंगळवेढ्याकडं, ज्वारीचा मुलूख. पेव म्हणजे जमिनीत खणलेला सुरईच्या आकाराचा खड्डा, तोंड अरुंद, आत कडब्याचं अस्तर, वर दगड. पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नाही. दगड सरकवून वेळ जाऊ द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून हळूहळू सोडायचा, ज्योत फडफडून विझली तर माणूस आत घालायचा नाही. बंद जागेत धान्यही श्वास घेतं, प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाला साठतो, घाईनं उतरलेली माणसं तिथंच बसल्या जागी जातात. यात भूत नाही, जादू नाही, खेळाडूंनी कंदील सोडला तर वाचले. नाही सोडला तर फाशाचं दान बघायचं.

मग ज्यानं लिहिलं की तळतळाट नुसता मालकावर राहतो, किल्ल्यावर कसा येईल, त्यासाठी गोष्टीचा गाभा सांगून टाकतो (माझ्या टेबलावरचे कुणी वाचत असाल तर इथंच थांबा बे). गढी ओस पडल्यावर गावानं तिची पांढरी माती ओरबाडून नेली, पावसाळ्याआधी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, टाकायला ती चांगली, पाणी धरत नाही. ओस गढ्यांचं हे असंच होतं, भिंती वर्षावर्षाला झिजत जातात. म्हणजे ज्यांचा तळतळाट लागला त्यांच्याच नातवंडांच्या डोक्यावर आता ती माती आहे. रात्री प्रत्येक घरात छपरातून धान्य ओतल्याचा आवाज येतो आणि सकाळी भांडी रिकामीच. खेळाडू गढीत जाऊन राक्षस शोधतील, तिथं कुणी नसेल. उपाय गावात आहे, पावसाच्या तोंडावर घरोघरचं छप्पर उघडं करून माती परत नेऊन टाकायला लोकांना तयार करायचं, आणि ते तलवारीनं होत नाही.

त्यामुळं मोहिमेचं नाव आता 'पांढरी' ठेवतोय. गावाच्या वस्तीच्या जागेलाही पांढरी म्हणतात, शेताला काळी, आणि गढीची मातीपण पांढरीच.

एक शब्द अजून हवाय. माळवदावर दरवर्षी नवीन माती पसरून धुमसतात त्या कामाला तुमच्याकडं काय म्हणतात? अक्कलकोट, बार्शी, सांगोला, कुठलं का असेना, घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा, गावकऱ्यांच्या तोंडी तोच शब्द घालायचाय.