19 वर्षं इन्फंट्रीत झाली, आता फील्ड सोडायची म्हणतोय. तुमचं मत सांगा

पलटणवाला

राम राम मंडळी. इन्फंट्रीत हवालदार आहे, सर्व्हिस 19 वर्षं. युनिटचं नाव, ठिकाण लिहीत नाही. पुढचा फील्ड टेन्युअर, म्हणजे सीमेवरची नेमणूक, करायचा नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलंय. डिस्चार्जचा अर्ज देऊन पेन्शनवर यायचं, की ईआरई (पलटणीबाहेरची काही काळाची नेमणूक) मागून रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला किंवा एनसीसीत जायचं, ते ठरायचं आहे. घरचे म्हणतात ये. पलटणीतले जोडीदार म्हणतात थांब, कॅडर (प्रमोशनचा कोर्स) पास आहेस, नायब सुभेदार होशील.

मी घाबरलोय किंवा कंटाळलोय असं कुणी समजू नये. चढताना माझा गुडघा काही म्हणत नाही, त्रास होतो तो उतरताना. पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल, खाली सुटे दगड. उजवा पाय टाकायच्या आधी मी क्षणभर थांबतो. मागचा पोरगा ते बघतो आणि तोही थांबतो. त्याच्या मागचाही. दहा जणांची ओळ अशी थांबत जाते. सेक्शन कमांडरनं ओळ थांबवावी ती पुढं धोका दिसला म्हणून. माझ्या गुडघ्यासाठी थांबलेली ओळ मला सहन होत नाही. अजून कुणी तोंडावर बोललेलं नाही. बोलायची वेळ येण्याआधीच बाजूला व्हावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सुभेदार_निवृत्त

हवालदार, राग मानू नका, पण मला हे पटलं नाही. मी 28 वर्षं करून आलोय. फील्ड म्हणजे नुसते पाय नाहीत.

सियाचीनला सॉल्टोरोच्या रिजवर 18-20 हजार फुटांवर पोस्ट असतात. रात्री संत्री (पहारेकरी) बदलला की आत आलेल्या पोराला मी आधी बुखारीजवळ (शेगडीजवळ) बसू देत नसे. बूट काढ, मोजे काढ, पाय दाखव. पोरगं म्हणायचं, "ठीक आहे उस्ताद." मी अंगठ्याचं नख दाबून सोडायचो. पांढरं पडलेलं नख लगेच लाल व्हायला पाहिजे. नाही झालं, तर तो तोंडानं काहीही म्हणो, पोरगं ठीक नाही. बधिर झालेला पाय दुखत नाही, म्हणून त्याचं त्याला कळतच नाही. आणि तसाच पाय बुखारीपुढं धरला तर भाजला तरी समजत नाही. हे शिकवलेलं असतं सगळ्यांना. पण रात्री दोन वाजता, सगळे दमलेले असताना, रोज न चुकता करून घेणारा एकच माणूस असतो, आणि तो जुना हवालदार असतो.

आता तर जास्तच गरज आहे. कोविडच्या काळात दोन वर्षं भरती बंद होती. 2022 ला अग्निपथ भरती योजना आली. पोरगं 4 वर्षांसाठी येतं, त्यातला ट्रेनिंगचा काळ वजा करा. त्यातले 25 टक्केच पुढं राहणार. अशा वेळी मधली फळी निघून गेली तर सेक्शनमध्ये जुनं माणूस उरतं कोण? तुमचा गुडघा पलटण सांभाळून घेईल. तुमची 19 वर्षं पलटणीला दुसरीकडून मिळायची नाहीत.

माणदेशी_सून

माझे मिस्टर फौजेत आहेत, 17 वर्षं झाली. सुभेदारसाहेब, तुमचं बोलणं वाचून डोळ्यांत पाणी आलं, तरीही मी भाऊंच्याच बाजूनं आहे.

वर्षाला 60 दिवस वार्षिक सुट्टी आणि 30 दिवस सीएल (किरकोळ रजा), हिशोब कागदावर चांगला दिसतो. त्यातली निम्मी पेरणी, लग्नं आणि बँकेत जाते. सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या कागदांवर सही मीच केली. शाळेत पालकसभेला मीच. तक्रार नाही, हे ठाऊक असूनच लग्न केलं. पण माझ्या आत्याचे यजमान 26 वर्षं पुरी करून आले, तोवर मुलं पुण्याला नोकरीला लागलेली. जेवायला दोघंच बसतात, आणि दोघांनाही एकमेकांची सवय नाही. आत्या म्हणते, घरात पाहुणा राहायला आलाय असं वाटतं. ही किंमत कुठल्याच पे कमिशनच्या तक्त्यात नसते. भाऊंची मुलं अजून लहान असतील तर हीच वेळ आहे.

रेकॉर्डवाले_काका

मी क्लार्क म्हणून सर्व्हिस केली, कागद पुष्कळ पाहिले. तुम्ही भावनेवर बोलताय, मी व्यवहाराचं सांगतो.

15 वर्षं झाली म्हणजे पेन्शन पक्की, त्याची काळजी नाही. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि कॅन्टीनही मिळेल. पण मुदत पुरी व्हायच्या आधी स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज घेणाऱ्याला ओआरओपी (समान रँक, समान सर्व्हिसला समान पेन्शन) लागू नाही, हे 7 नोव्हेंबर 2015 च्या आदेशातच आहे. म्हणजे पुढं तुमच्याच रँकच्या, तितक्याच सर्व्हिसच्या माणसाची पेन्शन त्यात वाढेल, तुमची त्या हिशोबानं वाढणार नाही. यावर ट्रिब्युनलमध्ये केसेस झाल्या, पण आज अर्ज टाकताना त्या निकालांच्या भरवशावर टाकू नका.

दुसरं, एमएसीपी, म्हणजे प्रमोशन नसलं तरी ठरावीक वर्षांनी मिळणारी पगाराची वरची लेव्हल. 8, 16 आणि 24 वर्षांना मिळते. हवालदार पगाराच्या लेव्हल 5 ला असतो. नायब सुभेदारी नाही मिळाली तरी 24 वर्षांना लेव्हल 6 चा पगार लागतो, आणि पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. हवालदाराच्या सर्व्हिसची मुदत 24 वर्षं, स्क्रीनिंग झालं की आणखी 2. म्हणजे पाच वर्षं थांबलात तर आयुष्यभराचा फरक पडतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. गुडघा आधी एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटलमध्ये) दाखवा. बरेच जण दाखवत नाहीत, लो मेडिकल कॅटेगरीत पडलो तर प्रमोशन अडेल म्हणून. मग बाहेर पडताना रिलीज मेडिकल बोर्डापुढं सांगतात, आणि जुना एकही कागद नसतो. दुखणं सर्व्हिसमुळं झालं हे सिद्ध करायला मग वर्षानुवर्षं फेऱ्या. अर्ज नंतर, एमएच आधी.

खटावकर

काकांच्या म्हणण्यात भर घालतो. बाहेर आल्यावर काय, याचा विचार झालाय का? माझा थोरला भाऊ 17 वर्षांवर आला. राज्य सरकारच्या गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के आरक्षण आहे, वयाची सूटही आहे, पण परीक्षा द्यावीच लागते आणि समोर दिवसभर अभ्यासिकेत बसणारी पोरं असतात. तो सध्या एका कंपनीच्या गेटवर बारा तास उभा असतो. त्याचाही गुडघा दुखतो. फील्डमध्ये निदान त्याला लोक उस्ताद म्हणायचे. इथं पंचविशीतला सुपरवायझर एकेरीत हाक मारतो. शेतीचं म्हणाल तर आमच्या खटावात पावसावर दोन एकर, त्याचं काय बोलायचं. मेस्कोत (माजी सैनिकांच्या सरकारी महामंडळात) नाव घातलंय, डीएससीचीही (डिफेन्स सिक्युरिटी कोअरचीही) माहिती काढतोय, म्हणजे फिरून पुन्हा वर्दीच. ठाम सांगतो, डिस्चार्ज घेऊ नका.

नवा_शिपाई

मी अग्निवीर आहे, लहान तोंडी मोठा घास घेतो. सुभेदारसाहेब म्हणतात ते नख दाबायचं आम्हाला सेंटरलाच एका उस्तादांनी हात धरून दाखवलं. ते स्वतः वर राहून आलेले होते, म्हणून ते डोक्यात बसलं. पुस्तकातून सांगणारे उस्तादही होते, त्यांचं फारसं लक्षात नाही. आमचं ट्रेनिंग सहा महिन्यांत उरकतं, त्यात शिकवणारा कोण आहे यावर सगळं असतं. परमवीर चक्र मिळालेले संजय कुमारसाहेब 1999 ला कारगिलमध्ये रायफलमन होते, पुढं सुभेदार मेजर झाले आणि खडकवासल्याला एनडीएत कॅडेट घडवायला गेले. त्यांनी फौज सोडली असं कुणी म्हणेल का? उस्ताद, तुम्ही बेळगावला सेंटरला या.

सुभेदार_निवृत्त

पोरा, बोललास चांगलं. पण ईआरई दोन-तीन वर्षांची असते. नंतर हवालदाराला पलटणीतच परत यायचंय, आणि तेव्हा गुडघा आणखी जुना झालेला असेल. प्रश्न मिटला नाही, पुढं ढकलला. शिवाय सेंटरला चांगलाच माणूस मागतात, म्हणजे ती दोन-तीन वर्षं त्याची प्लाटून चांगल्या माणसाविना. हवालदार, उताराचं एवढंच असेल तर ओळीत मधे चाला, टूआयसीला (सेक्शनमधल्या तुमच्या दुय्यमाला) पुढं घाला. त्यात कमीपणा नाही.

पलटणवाला

सगळ्यांचे आभार, विशेषतः काकांचे. ओआरओपीचं मला अर्धवटच माहीत होतं. डिस्चार्जचा अर्ज आता टाकत नाही. एमएचला जातोय, बोर्ड जे लिहील ते लिहील. कॅटेगरी लागली आणि नायब सुभेदारी अडली तर अडू दे, 24 वर्षांपर्यंत हवालदार म्हणून काम करायची माझी तयारी आहे. सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांपुढं जाऊन सेंटरसाठी अर्ज करणार.

वहिनी, सेंटरला फॅमिली क्वार्टर मिळालं तर मुलं जवळ राहतील. धाकटा चौथीत आहे, म्हणजे फार उशीर झालेला नाही.

सुभेदारसाहेब, तुमचा मान ठेवून सांगतो, मधे चालणं माझ्याच्यानं होणार नाही. उतारावर पहिलं पाऊल कुठं टाकायचं हे दाखवणं हेच तर माझं काम. ते टूआयसीला देऊन मी मधे चालू लागलो, तर पोरं समजायचं ते समजतील. दोन-तीन वर्षांनी परत आल्यावर बोर्डानं फील्डला फिट म्हटलं, तर पुढं चालेन. नाही म्हटलं, तर तेव्हा तुमच्याशी वाद घालायला काही उरणार नाही.

सुभेदार_निवृत्त

सेंटरला गेलात तर पहिल्या दिवसापासून पोरांचे पाय बघायची सवय लावा. बेळगावला बर्फ नाही म्हणून सोडू नका. बाकी माझं मत तेच आहे, तुम्ही पलटणीत पाहिजे होतात.