मदत हवी आहे : नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) दगडी प्रवाळ तगेल काय?

नमस्कार मंडळी,

आर्वीजवळच्या खेड्यात राहतो. घरी तीन फुटी, साधारण १९० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, दीड वर्षं झाली. क्लाऊनफिशची जोडी, चार गोगलगायी, बाकी दगड. मालवणला स्नॉर्कलिंग केलं तेव्हापासून प्रवाळ डोक्यात बसलंय. एका विक्रेत्याकडे कॅन्डी केन, म्हणजे कॉलास्ट्रियाचा सहा तोंडांचा तुकडा आहे. वाचलं ते असं की दगडी प्रवाळांत हे काटक, मध्यम उजेडात आणि मध्यम प्रवाहात राहतं, रात्री शुंडके काढून खातं. फोटो पाहून आई म्हणाली, "एवढ्या पैशात गोटा आणतं काय रे बावा?"

बोअरचं पाणी इतकं जड की कुलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो, म्हणून टाकीला फक्त आरओचं. घनता (खारेपणाचं माप) १.०२५, क्षारता ८, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००. हे जमतं.

जमत नाही ते ऊन. बाहेर ४६ असताना खोलीत डेझर्ट कुलर आणि टाकीवर दोन छोटे पंखे लावून मागच्या मे महिन्यात पाणी २७-२८ वर राहिलं. पण दुपारी सहा तास लाईन गेली तेव्हा ३१. शिवाय पंख्यांनी रोज पाच लिटर पाणी उडतं. तीन दिवस लग्नाला गेलो, आलो तर घनता १.०२७!

चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, परवडत नाही. प्रवाळ आत्ता घेऊ की उन्हाळा काढून जुलैत?

प्रतिसाद १

जुलै तर मुळीच नको. पंखा पाणी थंड करतो तो बाष्पीभवनाने, आणि मे महिन्यात आपली हवा कोरडी ठाक असते म्हणून तो चालतो. पावसाळ्यात हवेतच ओल, पाणी उडत नाही, पंखा नुसता फिरतो. माझी टाकी ऑगस्टमध्ये तापली होती, मे मध्ये नाही. तुमच्या आकड्यांत ऑगस्ट कुठंय?

लाईनचं म्हणाल तर वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि एक पंखा इन्व्हर्टरवर घ्या, दिवे बंद राहू द्या. प्रवाळाला काही तास अंधाराने काही होत नाही. पाणी बरेच दिवस ३० च्या वर राहिलं की मात्र ते आतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपला २०१६ मध्ये हेच झालं, तिथं तर अख्खा समुद्र होता. आणि उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं आरओच टाका, खारं नाही. घरी नसताना फ्लोट व्हॉल्व्ह लावा, पातळी उतरली की तो आपोआप पाणी सोडतो.

प्रतिसाद २

तापमानाआधी कागद बघा. सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणहून बोटभर तुकडा खिशात घालून आणला तरी गुन्हा. परदेशी असेल तर साइट्स, म्हणजे वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतं, आयातीचा परवाना लागतो. विक्रेत्याने काय दाखवलं?

धागाकर्ता

काहीच नाही. आत्ता फोन केला, तर म्हणाला, "कागदं काहून पाहिजे, दोन दिवसांत पार्सल पोचते." म्हटलं, राहू दे.

वहीही काढली. ऑगस्टच्या पानावर २९.५, ३०, ३०, पुन्हा २९.५. तेव्हा मासे मस्त होते म्हणून नुसतं लिहून पान उलटलं होतं.

प्रतिसाद २

झोअँथस किंवा मशरूम नावाची मऊ प्रवाळं बघा, ती दगडी प्रवाळांत मोडत नाहीत. बिल तरीही मागा.

धागाकर्ता

मागतो. पण यंदाचा ऑगस्ट आधी २८ च्या खाली काढून बघतो, दोन माशांवरच. फ्लोट व्हॉल्व्ह कुलरचा चालेल का? घरी एक पडला आहे, पण त्याची दांडी पितळेची आहे.

प्रतिसाद १

पितळ नको! त्यात तांबं असतं, गोगलगायी आधी जातील. पूर्ण प्लास्टिकचा घ्या.