मदत हवी आहे: लोकलची गर्दी आणि पावसाळा सोसेल अशी, पण दिसायला नेटकी लॅपटॉप बॅग

रोजचा प्रवास डोंबिवली ते सीएसएमटी. लॅपटॉप १५.६ इंची, सोबत चार्जर, डबा, छत्री. एकूण वजन चार किलोच्या आसपास. बजेट ५,००० रुपये. क्लायंटसमोर न्यायची असल्यामुळे कॉलेजची सॅक वाटायला नको. गर्दीत पुढे अडकवावी लागते, म्हणून एका खांद्याची नको.

आधी पीयू लेदरची (कापडावर प्लास्टिकचा थर दिलेलं नकली चामडं) वापरली. दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटले; दमट हवेत तो थर हळूहळू खराब होतोच, दुरुस्ती होत नाही. मग ६०० डेनिअर (धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टरची. कापड धड आहे, पण पट्टा वरच्या जोडापाशी उसवला. चांभाराकडून दोनदा शिवून घेतला, आता शिवणीशेजारचं कापडच फाटतंय, कारण आतून जाड पट्टीचा आधारच दिलेला नाही. चेनचा रनर बदलूनही दात उघडतात. रेनकव्हर सुचवू नका: पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि पाणी नेमकं तिथून उतरतं.

आता दोन पर्याय उरलेत: १००० डेनिअर कॉर्ड्युरा (चिवट नायलॉनचं कापड) किंवा मेण लावलेला कॅनव्हास. लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन बोटं वर हवा, नाहीतर बॅग खाली टेकवताना कोपरा आपटतो. दोन्हींत तसा आहे. मन कॅनव्हासकडे ओढतंय.

ज्यांनी मेणाचा कॅनव्हास मुंबईत निदान दोन पावसाळे वापरलाय त्यांनी सांगा: गर्दीत दाबली गेल्यावर फिक्या शर्टाला मेणाचे डाग पडतात का? आणि रोज ओली होऊन रात्रभरात न वाळल्यास बुरशी धरते का?