मदत हवी आहे: तळ्यावरचे पक्षी खरंच कमी झाले, की आमची मोजायची पद्धत बदलली?

नमस्कार मंडळी,

आमचं छोटं निसर्गमंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही एका तळ्यावर पक्षीमोजणी करतो, याला १२ वर्षं झाली. पावसाळ्यातले काही महिने हुकले असतील, पण हिवाळ्यातला एकही नाही. परवा सगळ्या वह्या एकत्र करून आकडे संगणकावर चढवायला बसले आणि पहिल्याच तक्त्यावर अडकले.

आकड्यांवरून शेकाटे पहिल्या चार वर्षांच्या मानाने निम्म्यावर आलेत. तुतवार आणि चिखल्यांचंही तेच. बघून पोटात गोळा आला. तळ्याच्या काठी भराव घालायचं घाटत असताना हाच तक्ता पुढे करावा, असं मंडळातल्या काहींचं म्हणणं आहे. मलाही तळं वाचायला हवंच आहे. पण वह्या नीट वाचत गेले तशी शंका वाढत गेली.

पहिली चार वर्षं चार माणसं तळ्याला पायी पूर्ण फेरी मारायची, तीन तास लागायचे. पुढे एका बाजूला झुडपं माजली, वाट बंद झाली आणि आम्ही तीन ठरलेल्या जागांवरून मोजू लागलो. आता पंधरा-सोळा जण येतात, पण मोजणी दीड तासात आटोपते. शिवाय सुरुवातीच्या वह्यांत वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांपुढे बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘पुष्कळ’ लिहिलंय. पुष्कळ म्हणजे दोनशे की हजार? गेल्याच मोजणीत धुकं होतं. वारकऱ्यांचा एकच थवा, शेजारी शेजारी उभ्या दोघांनी मोजला. एकाचे ३१०, दुसरीचे ४६०. दोघंही सराईत. जुन्या वह्यांत प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसा आकडाही आहे, कधी ४, कधी ९. पानाचा क्रमांक नक्की नाही. तो कशाचा हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मंडळात उघड बोलता येत नाही. या वह्या ज्यांनी घातल्या ते काका आता सत्तरी ओलांडून गेलेत. नजर अजून तीक्ष्ण आहे, पण झुडपातल्या वटवट्यांचे बारीक आवाज त्यांना ऐकू येईनासे झालेत. मी दोनदा शेजारी उभं राहून पाहिलंय. झुडपांकडचं टिपण अजून तेच करतात. मी पक्षी ओळखायला त्यांच्याकडूनच शिकले, त्यांना दुखवायचं नाही.

तर विचारायचंय ते हे: जुन्या वह्या या तुलनेतून बाद धराव्यात का? ‘पुष्कळ’चं काय करू? आणि काकांचा प्रश्न कसा सोडवू?

प्रतिसाद १

वह्या बाद करू नका ताई, फक्त त्यांना नवीन वह्यांशी थेट ताडू नका. फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली अमेरिकेत नाताळातली पक्षीगणना सुरू केली तेव्हा मोजणारे २७ जण होते. आता हजारो असतात. नुसत्या बेरजा मांडल्या तर पक्षी भरमसाट वाढले असं दिसेल. म्हणून किती गट, किती तास फिरले हेही लिहितात आणि तासामागे पक्षी किती ते बघतात. तुमच्या वह्यांत सुरुवातीची आणि शेवटची वेळ असेल तर एवढं तरी नक्की जमेल.

पण पूर्ण फेरी आणि तीन जागा यांतला फरक तासांनी भरून निघत नाही. वाट साफ करून घ्या आणि पुढचं वर्षभर एकाच सकाळी दोन्ही पद्धतींनी मोजा. फेरीत शंभर शेकाटे दिसतात तेव्हा तीन जागांवरून किती दिसतात, हे कळलं की जुने आकडे बोलायला लागतील.

‘पुष्कळ’ला मनाने आकडा देऊ नका. तिथे ‘होते’ एवढंच धरा. शंभर फेऱ्यांपैकी किती फेऱ्यांत एखादा पक्षी दिसला, हेही चांगलं माप आहे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या याद्यांवरून कल काढतात तो साधारण याच वाटेने. मात्र त्यासाठी यादी पूर्ण हवी, म्हणजे ओळखलेला प्रत्येक पक्षी नोंदलेला हवा. फक्त विशेष वाटले तेवढेच लिहिले असतील तर हा हिशेब चालत नाही.

प्रतिसाद २

काकांसाठी सुचवते. सगळ्यांनाच जोडीने उभं करा. एकाच जागी दोघं, दहा मिनिटं, एकमेकांशी न बोलता आपापल्या कागदावर लिहायचं. मग कागद शेजारी ठेवायचे. कुणाचं काय सुटतं ते प्रत्येकाला आपलं आपल्यालाच दिसतं, कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही. उंच पट्टीचे आवाज वयाबरोबर आधी हरवतात, यात कमीपणा नाही. वारकऱ्यांचा घोळही यातूनच सुटेल: थव्यातले दहा आधी नीट मोजायचे, तेवढा तुकडा डोळ्यांत धरायचा आणि थवाभर तो मापत जायचं. दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा.

आणि एक विचारते, पाण्याची पातळी नोंदवता का? शेकाटे उथळ पाण्यात, तुतवार-चिखल्ये उघड्या चिखलात. तळं काठोकाठ भरलेलं असेल तर ते दुसरीकडे जातात, मेलेले नसतात. हे न बघता तक्ता पुढे कराल तर पहिल्याच प्रश्नाला तो कोसळेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पाण्याचं वाचलं आणि संध्याकाळीच वह्या घेऊन काकांकडे गेले. कोपऱ्यातला आकडा दाखवला. म्हणाले, “अगं, काठावरच्या दगडी पायऱ्या. पाण्याबाहेर किती दिसतात ते लिहायचो.” पहिल्या चार हिवाळ्यांत बहुतेक पानांवर ८ किंवा ९ आहे. नंतर पाच वर्षांच्या वह्यांत ३, ४. पुढच्या तीन वर्षांत, मोजणी आमच्या हाती आल्यावर, कोपरा रिकामा. कुणी विचारलंच नव्हतं.

तक्ता सध्या कुणालाच देत नाही, हे मंडळाला कळवलंय. येत्या रविवारी जोडीने मोजणी आहे. काकांनी स्वतःहून झुडपांकडची जागा मंडळातल्या सर्वांत लहान मुलीबरोबर मागून घेतली. पायऱ्या मी मोजणार आहे.