शून्यातून विश्व झालं म्हणता, पण ते शून्य खरंच रिकामं होतं का?

तिरकी_रेघ
काल इथेच खडू_फळा यांनी लिहिलं की "विश्व शून्यातून आपोआप झालं हे क्वांटम फिजिक्सने सिद्ध केलंय, आता 'काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे' असं विचारणं ही अंधश्रद्धा आहे." दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो सर, तुम्ही ज्याला शून्य म्हणताय ते क्वांटम निर्वात आहे, म्हणजे सगळे कण काढून टाकल्यावर उरलेली जागा. त्यात फील्ड्स (कण ज्यातून उमटतात ती सगळीकडे पसरलेली क्षेत्रं) आहेत, नियम आहेत, ऊर्जा आहे. निर्वातात धातूच्या दोन पट्ट्या अगदी जवळ ठेवल्या तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातील हे कॅसिमिर या भौतिकशास्त्रज्ञाने 1948 मध्ये गणिताने सांगितलं आणि 1997 मध्ये लामोरोने ते बळ नीट मोजून दाखवलं. ज्यातलं बळ मोजता येतं ते "काहीच नाही" कसं? भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स क्राउसचं याच विषयावरचं पुस्तक 2012 साली आलं तेव्हा डेव्हिड अल्बर्टने न्यूयॉर्क टाइम्समध्ये हाच आक्षेप घेतला होता, आणि अल्बर्ट काही कीर्तनकार नाही, फिजिक्समधली डॉक्टरेट असलेला तत्त्वज्ञ आहे. मोकळा प्लॉट दाखवून "इथे काहीच नव्हतं, बंगला आपोआप उभा राहिला" म्हणायचं आणि प्लॉटचा सातबारा मागितला की अंधश्रद्धा? 'काहीतरी का आहे' हा प्रश्न लाइबनिझ या जर्मन तत्त्वज्ञ-गणितज्ञाने 1714 मध्ये विचारला, तो काय अडाणी होता?

खडू_फळा
लिहिणारा मीच, आणि माघार घेत नाही. तुमचा सातबारा कुठपर्यंत मागणार? फील्ड कुठून आलं, नियम कुठून आले, त्याच्या आधी काय, याला तळच नाही. विज्ञानाने यातला हाताळता येण्यासारखा तुकडा उचलला. सुरुवातीला पदार्थ आणि प्रतिपदार्थ (तसेच कण, पण उलट विद्युतभाराचे) बरोबरीने असते तर एकमेकांना संपवून नुसता प्रकाश उरला असता. आपण आहोत कारण साधारण अब्ज प्रतिकणांमागे अब्ज आणि एक कण होते, त्या वरच्या एकातून हे सगळं. असं व्हायला काय काय लागेल याच्या तीन अटी साखारोव या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने 1967 मध्ये लिहिल्या. पदार्थ आणि प्रतिपदार्थ यांच्या वागण्यातला फरक क्रोनिन आणि फिच यांना 1964 मध्ये केऑन नावाच्या अल्पायुषी कणांमध्ये सापडला होताच, 2025 मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या एलएचसीबी प्रयोगात तो बॅरिऑनमध्येही (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या कुळातले कण) पहिल्यांदा दिसला. सापडलेला फरक अजून फार अपुरा पडतो, कबूल. पण हे काम आहे, बाकी सगळं पारावरच्या गप्पा.

ओसरी
एवढं लांब कशाला जायचं, ऋग्वेदात नासदीय सूक्तात हजारो वर्षांपूर्वीच उत्तर दिलंय. आपल्याला आपलंच माहीत नसतं हे दुर्दैव.

चिंचेची_कोय
दादा, दहाव्या मंडलातलं 129 वं सूक्त, सातच ऋचा आहेत, एकदा शेवटची वाचा. "सो अङ्ग वेद यदि वा न वेद". वर बसून बघणाऱ्याला तरी ठाऊक असेल, नाहीतर त्यालाही नसेल. यात उत्तर कुठे आहे? प्रश्न उघडा ठेवायची हिंमत आहे, आणि मला तीच मोठी वाटते.

पण तिरकी_रेघ, तुमचंही पटत नाही. न्यायदर्शनवाल्यांनी (तर्कावर भर देणारी आपली जुनी तत्त्वज्ञानाची शाखा) अभाव, म्हणजे 'नसणं', इतका कीस काढून तपासला आहे की त्यांच्यापुढे हा प्रश्न लंगडा पडतो. अभाव नेहमी कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. जमिनीवर घडा नाही, यात घडा हा प्रतियोगी (जे नाही ते) आणि जमीन हे अधिकरण (जिथे नाही ती जागा). दोन्ही काढून घेतलं की "काहीच नाही" हा नुसता आवाज उरतो, त्याला अर्थ राहत नाही.

हवाबंद_डबा
अवांतर आहे पण निर्वात शब्द वाचला आणि राहवलं नाही. नववीत आमच्या शाळेत काचेच्या हंडीत विजेची घंटी ठेवून पंपाने हवा काढायचा प्रयोग होता. वायसर झिजलेला, सरांनी कडेने बोटभर व्हॅसलीन फासलं, पंप चालू केला, आवाज बारीक होत गेला पण बंद काही होईना. मी पहिल्या बाकावर होतो, मला डास गुणगुणावा तसा ऐकू येत होता. जर्नलमध्ये तसंच लिहिलं. सरांनी लाल पेनाने खोडून "आवाज ऐकू येत नाही" लिहायला लावलं, एक मार्क कापला आणि वर्गासमोर शहाणा म्हणाले. पुढे सायन्स घेतलंच नाही मी.

खडू_फळा
झालं, आता शिक्षकांवर. बावीस वर्षं शिकवतोय मी. साठ मुलं, एक हंडी, एक पंप, वायसर स्वतःच्या खिशातून आणायचा, वर निवडणुकीच्या याद्या, जनगणना, पोषण आहाराची नोंद. तुम्ही या आणि एक तास घेऊन दाखवा. आणि वायसर नवा असता तरी आवाज थोडा आलाच असता, घंटीच्या तारेतून आणि टेकूतून येतो तो.

हवाबंद_डबा
मग हे तेव्हा का नाही सांगितलं कोणी? हेच तर ऐकायचं होतं मला! तीस वर्षांनी इथे कळतंय. याद्यांचं मान्य, पण खरं लिहिलेलं खोडायला वेळ होता ना?

चिंचेची_कोय
माझ्या मुलीच्या जर्नलमध्ये आजही निरीक्षणं फळ्यावरून उतरवलेली असतात, प्रयोग व्हायच्या आधी. एका शिक्षकाचं नाहीये हे.

ओसरी
ताई, सूक्ताचं आज परत वाचून बघितलं, तुमचं बरोबर निघालं, जरा जड गेलं मान्य करायला. अभावाचं मात्र आधी वाटलं शब्दांचा खेळ आहे, पण मागच्या उन्हाळ्यात आम्ही बोअर मारली, साडेपाचशे फूट. पहाटेपर्यंत नुसता पांढरा फुफाटा, लिंबाची पानं पिठात घोळल्यासारखी झालेली. गाडीवाला म्हणाला "काही लागलं नाही". साडेपाचशे फूट खडक लागला होता आणि त्याचे फुटावर पैसे मोजले मी. काही नाही म्हणजे पाणी नाही.

तिरकी_रेघ
बोअरचं वाचून गप्प झालो. कोय यांचं अर्धं मान्य, "काहीच नाही" मला डोळ्यासमोर आणता येत नाही. पण जे डोळ्यासमोर येत नाही ते असूच शकलं नसतं हे अजून पटत नाही, आणि माझा प्रश्न तिथेच उभा आहे.

खडू_फळा
"सिद्ध केलंय" हा शब्द मागे घेतो, "अंधश्रद्धा" पण. डबा, तुमच्या सरांनी जे खोडलं तेच मी काल केलं, आवाज बारीक येत असताना येत नाही असं लिहिलं. बाकी प्रश्नाला उत्तर आहे असं मी अजिबात मानलेलं नाही, तिरकी_रेघ, तुमच्याशी उद्या परत भांडणार.

हवाबंद_डबा
सर, तार बाहेर काढायच्या जागी रबर लावलं तर आवाज आणखी कमी होईल का? भाच्याच्या शाळेत हाच प्रयोग पुढच्या आठवड्यात आहे.